खुलताबादच्या डोंगरात तीन दिवस: ज्याच्या त्याच्या पायाने

गेल्या पौषात आम्ही सातजण जालन्याहून निघून खुलताबादला तीन दिवस मुक्कामी होतो. आमच्यात गुडघ्याला पट्टा बांधून चालणारे ७२ वर्षांचे तात्या होते, नऊ वर्षांची पुतणी होती आणि सह्याद्रीतले मोठे गड पालथे घातल्यामुळे मराठवाड्याच्या डोंगराला डोंगरच न मानणारे दोन भाचेही होते. सकाळी सर्वांनी एकत्र निघायचे, मात्र कोण कोठे थांबणार हे आदल्या रात्रीच ठरवायचे, एवढा एकच नियम आम्ही केला होता.

हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. पौषात गवत पिवळे पडलेले असते, वाटेवर सावली जवळजवळ नसते, आणि पहाटे कानटोपी लागते तरी दहा वाजल्यानंतर ऊन पाठीला चटका देते. म्हणून प्रत्येक चढ दहाच्या आत उरकावा आणि माणशी किमान दोन लिटर पाणी निघतानाच भरून घ्यावे. वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांत शिरून टोचत राहतात, त्यामुळे पूर्ण लांबीची पॅंट घालणे सोयीचे.

पहिला दिवस देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचा. सोमवार निवडला होता, कारण रविवारी दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीत वाहने अडकली की सकाळचा गारवा तेथेच संपतो. प्रवेशद्वारापासून हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांदमिनार आणि चिनी महालापर्यंतची वाट रुंद व सौम्य चढाची असून, दम घेत चालणाऱ्या माणसालाही ती जमते. खरा किल्ला त्यापुढे सुरू होतो. कडा तासून उभा केलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि तो ओलांडल्यावर अंधारी, म्हणजे खडकातला काळोखा भुयारी मार्ग. अंधारीतल्या पायऱ्या कमी-अधिक उंचीच्या असून वटवाघळांचा उग्र वास सोसतच त्या चढाव्या लागतात. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि नेमका तोच हात भिंतीला टेकवायचा असतो, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी न्यावी. वरच्या बारादरीपर्यंत पुतणी आमच्या पुढे पोहोचली. तात्या मात्र ठरल्याप्रमाणे चिनी महालाजवळ, मेंढा तोफेच्या बुरुजाखाली थांबले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि त्यांची समाधी वर आहे, हे तात्यांना पाठ असल्याने त्यांचा चेहरा उतरला होता. तरीही आम्ही आग्रह केला नाही. चढताना दम लागतो, तो बसले की परत येतो. दुखऱ्या गुडघ्याचे हाल उतरताना होतात, आणि तेथे अर्ध्यावर थांबून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा. भाचे पहाटे पाचला निघून खुलताबाद ते म्हैसमाळ हे सुमारे १२ किलोमीटर डांबरी रस्त्याने चालत गेले, बाकीचे गाडीने. म्हैसमाळ १,०६७ मीटर उंचीवर असले तरी माथा सपाट आहे, त्यामुळे गिरिजादेवीच्या मंदिरापासून पठाराच्या कडेपर्यंत लहान मुलेही रमतगमत जातात. पावसाळ्याविना तेथे पाहण्यासारखे फार नाही, हे माझे मत भाच्यांना मान्य नाही.

परतताना सुलिभंजनला वळलो. एकनाथांनी तप केले ते हे ठिकाण, आणि वाहन दत्तमंदिराच्या जवळपर्यंत जाते. मंदिरापाशी एक मोठा दगड आहे, त्यावर लहान खडा आपटला की धातूच्या भांड्यासारखा नाद उमटतो. तात्यांनी एकदा वाजवला, कान लावला, जागा बदलून पुन्हा वाजवला आणि पुतणीला म्हणाले, "गुरूकडे जाता आलं नाही, शिष्याकडे आलो बघ." ज्यांना देवगिरी पूर्ण चढवत नाही, त्यांच्यासाठी सुलिभंजन हाताशी ठेवावे ते यासाठी.

बुधवारी वेरूळ. तात्या आणि वहिनींनी १६ क्रमांकाचे कैलास लेणे सावकाश पाहिले आणि बॅटरीवरच्या बसने ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांकडे गेले. आम्ही उरलेले पाचजण गावातला एक माहीतगार घेऊन, २९ व्या लेण्याजवळच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला, येळगंगेच्या पात्रातल्या गणेश लेण्यांकडे निघालो. पात्र जवळजवळ कोरडे होते, फक्त रांजणखळग्यांत हिरवे पाणी साचलेले. पावसाळ्यात येथले शेवाळलेले खडक घसरतात आणि पुढे थेट कडा आहे, तेव्हा त्या दिवसांत पात्रात उतरूच नये. लेण्यांत मधमाश्यांची पोळी दिसली तर धूर आणि अत्तर दोन्ही टाळावे.

येथेच माझी फजिती झाली. चार वर्षे माळ्यावर पडून असलेले बूट मी न तपासता घातले होते, आणि उतारावरच्या मुरमात उजव्या बुटाचा तळवा टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबू लागला. माहीतगाराने खांद्यावरच्या पिशवीतून सुतळी काढली, तळव्याखालून दोन वेढे देऊन घोट्याशी गाठ मारली आणि दर शंभर पावलांनी ती पुन्हा आवळत मी बसथांब्यापर्यंत आलो. तात्या आमच्याआधी पोहोचून पेरू खात बसले होते. जुने बूट न्यायचे असतील तर आठवडाभर आधी घालून गावातच दोन-तीन फेऱ्या माराव्यात, आणि वावभर सुतळी पिशवीत असू द्यावी.