चिखलदऱ्याच्या वाटेवरची एकदांडी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याहून सकाळच्या एसटीने चिखलदऱ्याला गेलो, पण तिथले पॉइंट पाहायला नव्हे, तर सूर्यफुलाच्या कुळातील लहान रानफुले भिंगाखाली पाहायला. एडेलवाइज, खरे ब्रह्मकमळ यांसारखी याच कुळातील हिमपर्वतांवरची मंडळी सुमारे १,१०० मीटर उंचीच्या या गावी भेटणार नाहीत हे उघड आहे. मात्र फुलाची मूळ घडण पाहायला तेवढे दूर जावे लागत नाही.

घाट संपल्यावर एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकदांडी फुललेली होती. लहानपणी विळा लागला की हिचाच पाला चोळून रस लावत असू, पण फूल कधी निरखले नव्हते. वीतभर लांब, केसाळ दांड्यावर जे एक फूल दिसते, ते खरे तर अनेक फुलांचा गुच्छ असते. कडेची पाचेक फिकट पिवळसर, टोकाला तीन दाते असलेली ‘पाकळी’ म्हणजे प्रत्येकी एक मादीफूल असून मधला पिवळा भाग नळीसारख्या द्विलिंगी फुलांचा असतो. ती बाहेरून आत उमलत जातात, त्यामुळे एकाच गुच्छात कडेला उमललेली फुले आणि मध्यभागी मिटलेल्या कळ्या सापडतात. परागकोश एकमेकांना चिकटून नळी झालेली असते. तिच्यातून वर सरकणारी कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, पिचकारीच्या दट्ट्यासारखी पराग बाहेर ढकलते आणि मगच तिची दोन टोके फाकतात. एवढ्यासाठी मी पाऊण तास चिखलात बसलो होतो.

जवळच सदामंडीही होती. तिला कडेच्या पाकळ्या नसतातच. सगळी जांभळट नळीफुले एका हिरव्या, सरळ पेल्यात बसलेली असतात आणि वरची पाने खोडाला बिलगतात.

जाणाऱ्यांनी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बसायला प्लास्टिकचा तुकडा अवश्य न्यावा. धुके असल्यास ऊन पडेपर्यंत थांबावे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत एक पानही तोडू नये. धुऱ्यावरची फुले शेतकऱ्याला विचारून घेतल्यास तिथेच वर्तमानपत्रात दाबावीत, कारण मी डबीत ठेवलेली दोन्ही फुले परतवाड्याला उतरेपर्यंत पार कोमेजली होती.