आमची वाटचाल: धनुष्य तयार होतं, जुळवलेलं नव्हतं

कुडाळ-सावंतवाडीकडे माणगा जातीचा बांबू बांधाबांधावर वाढतो. भरीव, सरळ, बिनकाट्याचा. वडील त्याच्या काठ्या विकत. आम्ही दोघा भावांनी वेंगुर्ल्यात त्याचीच धनुष्यं करायला घेतली. घडण जुन्या शिकारी धनुष्याची, वापर मात्र फक्त मैदानावर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दुसऱ्या वापराचा प्रश्नच नाही, आणि आम्हाला तो नकोही आहे.

तीन वर्षांवरचा माणगा तोडायचा, बाहेरच्या सालीला हत्यार लावायचं नाही, दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरची आणि खालची बाजू, सारखी वाकेपर्यंत आतून तासत राहायचं, एवढं लवकर जमलं. धनुष्य वाकलं, दोरी चढली की आम्ही ते पाठवून द्यायचो. पहिल्याच वर्षी एक गुरुजी धनुष्य परत घेऊन आले. म्हणाले, "बाणाची शेपटी दरवेळी वर उडते."

नियम आम्हाला माहीत होता. बिनपिसांचा बाण दहा-बारा मीटरवर मारायचा. तो शेपटी वर ठेवून रुतला, तर दोरीवरची बाण लावायची गाठ खाली घ्यायची. घेतली. पुन्हा वर. आणखी खाली घेतली, तरी वर. दोन दिवस यात गेले. मग भावाचं लक्ष मुठीवर गेलं. बाण टेकतो तिथलं चामडं चकचकीत घासलेलं, बाणावरही तसाच ओरखडा. गाठ इतकी खाली होती की बाण सुटताना चामड्यावर आपटून उसळत होता. ती चांगली वर नेली आणि कणाकणाने खाली आणली, तेव्हा बाण सरळ रुतला. गुरुजी तोवर ओट्यावर बसून होते.

तेव्हापासून जुळवणी झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. नवी दोरी ताणते, म्हणून आधी शंभरेक बाण मारतो, मगच मुठीपासून दोरीचं अंतर मोजतो. आमच्या लांब धनुष्याला ते साडेसहा इंचांच्या आसपास लागतं. कमी भरलं तर दोरीला पीळ वाढवतो. दोरी आखूड होते, अंतर वाढतं. अर्ध्या इंचाच्या फरकानेही आवाज बदलतो. खणखणाट गेला आणि दबका 'ठप्प' ऐकू आला की तिथेच थांबायचं. मग बाण. उजव्या हाताच्या नेमबाजाचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर बाणाची काडी ताठ, उजवीकडे गेला तर लवचीक. काडी बदलतो, धनुष्य तासत नाही.

एका धनुष्याला आता अख्खा दिवस जास्त लागतो, म्हणून किंमतही वाढवावी लागली. काही गिऱ्हाइकं गेली. गुरुजींनी मात्र शाळेसाठी आणखी चार धनुष्यं नेली, आणि चारही वेळा पहिला बाण आमच्या अंगणातच मारून पाहिला.