बंबाची फाईल

फाईल ऑडिटला गेलीय, साहेब मीटिंगला गेलेत आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते बारशाला गेलेत. गावच्या आगीच्या बंबाची फाईल बघायला गेलो, तेव्हा ही तिन्ही उत्तरं मला एकाच सोमवारी, नगरपरिषदेतल्या एकाच टेबलावर, दहा मिनिटांच्या आत मिळाली. प्रकरण संपलं की हे लिहून काढायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. प्रकरण अजून पुरतं संपलेलं नाही, पण राग शिळा झाल्यावर लिहायला बसण्यात काही अर्थ नाही.

मी नाशकात राहतो, इंदिरानगरला. अंबडच्या एका कारखान्यात पंपांच्या जुळणीवर 33 वर्षं काढून निवृत्त झालो. मूळ गाव जिल्ह्यातलंच, नगरपरिषदेचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भाऊबंद अजून तिथेच आहेत आणि त्यांना रोज त्याच कार्यालयासमोरून जायचं असतं.

2024 च्या मे महिन्यात आण्णाची, म्हणजे माझ्या चुलतभावाची, कांदाचाळ पेटली. बंब आला तो शेजारच्या तालुक्यातून, तासाभरानं. तोवर चाळीचे बांबू कोसळून सगळा उन्हाळ कांदा भाजून निघाला होता. आणि गावचा स्वतःचा नवाकोरा बंब त्या वेळी नगरपरिषदेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभा होता. पाटीवर नंबर नाही, सीटवरचं प्लॅस्टिक निघालेलं नाही, पुढच्या काचेवर वाळून काळा पडलेला झेंडूचा हार. पूजा झाली होती, नारळ फुटला होता, फोटो निघाले होते. पासिंग तेवढं राहिलं होतं.

जुना बंब कुठे गेला, असं लोक विचारतात. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवून मिळत नाही आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गाड्याही आल्या. आमचा जुना बंब त्यात गेला. जुना भंगारात, नवा शेडमध्ये.

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज मी रागात लिहिला आणि वाया घालवला. ‘बंब बंद का आहे? याला जबाबदार कोण?’ वर ‘हा जीविताचा प्रश्न असल्याने 48 तासांत माहिती द्यावी’ असंही ठोकून दिलं. कायद्यात तशी तरतूद आहे, पण ती एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी थेट संबंध असेल तर. पत्र्याखालच्या गाडीला ती कुणी लावत नाही. तिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. चूक माझीच. ‘का’ विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. अर्जाचा विषयही एकच लागतो आणि मजकूर 150 शब्दांत बसवावा लागतो, हा आपल्या राज्याचा नियम. माझ्या अर्जात आण्णाच्या नुकसानीचाच मजकूर 200 शब्दांचा होता.

मग मला सोमवार कळला. 26 नोव्हेंबर 2018 चं शासनाचं परिपत्रक आहे: दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना कार्यालयातल्या फायली बसून पाहता येतात. मला वाटलं, झालं काम. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पसुद्धा लागणार नाही. ठक्कर बाजारहून बस पकडायची, तीनला हजर व्हायचं, पाचला परत फिरायचं.

पहिल्या सोमवारी तिथल्या मुलानं (वय 26 च्या आसपास, बोलायला गोड) परिपत्रक माझ्याच हातातून घेऊन वाचलं. ‘असं आहे होय, काका?’ म्हणाला, चहा मागवला आणि सांगितलं की साहेब निवडणुकीच्या कामाला आहेत. ते खोटं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे आचारसंहितांची रांगच होती: लोकसभा, मग लगेच नाशिक शिक्षक मतदारसंघ, मग विधानसभा. पण आचारसंहितेत फाईल बघायला बंदी असते, हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या सोमवारी ती सुरुवातीची तिन्ही उत्तरं, बारशासकट.

तिसऱ्या सोमवारी फाईल ठामपणे ऑडिटला गेली होती. किती दिवस लागतील? ‘ऑडिटचं काही सांगता येत नाही, काका.’ चौथ्या सोमवारीही ती ऑडिटलाच होती, पण यावेळी मुलाऐवजी एक वयस्कर कारकून होते. त्यांनी आवाज खाली घेऊन विचारलं, ‘तुम्ही ठेकेदाराच्या बाजूचे की विरुद्ध?’ मी म्हटलं, मी पंपवाला आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. बरोबरच आहे म्हणा, नुसती फाईल बघायला चार वेळा बस पकडून येणारा माणूस मलाही संशयास्पदच वाटला असता. पावसाळ्याचे दिवस, बस गळकी, आणि परतताना द्वारका चौकात तासभर अडकून पडायचं. सौ. म्हणाली, एवढ्या भाड्यात आण्णाला दोन बांबू आले असते.

इथे अनेकजण सोडून देतात. मीही सोडलंच होतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ राहतात, शिंगाडा तलावाच्या फायर स्टेशनात त्यांची हयात गेली. त्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता दोन गोष्टी सांगितल्या. एक ऑडिटबद्दल, ती लगेच सांगतो. दुसरी बंबाबद्दल: ‘गाडीची चासी एकाची असते, बॉडी दुसरा बांधतो, पंप तिसऱ्याचा. कागद तिघांचे वेगवेगळे बघा. आणि पंप विहिरीवर लावून बघितला होता का ते विचारा. नळावरून टाकी भरून फवारा कुणीही उडवतो. खालून पाणी ओढलं तर तो बंब.’ माझं सगळं आयुष्य पंपात गेलं आणि हे मला सुचलं नव्हतं, याचं थोडं वाईट वाटलं.

तर ऑडिटची गोष्ट. सरकारी कार्यालयातून कागद बाहेर गेला की त्याची जावक नोंदवहीत नोंद होते. तारीख, क्रमांक, कुणाला पाठवला. म्हणून नवा अर्ज केला आणि त्यात बंबाचा शब्दही लिहिला नाही. एवढंच मागितलं: अमुक फाईल लेखापरीक्षणासाठी ज्या जावक क्रमांकानं पाठवली, त्या नोंदवहीच्या पानाची प्रत. नोंद नसेल तर तसं लेखी द्यावं. 40 शब्दही झाले नाहीत. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाबाहेर दहाचा स्टॅम्प घेतला, अर्ज हातानं नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. (पोच घेताना शिक्क्याबरोबर आवक क्रमांकही लिहून घ्या. नुसता गोल शिक्का मारून देतात आणि नंतर तो अर्ज सापडत नाही.) तो वयस्कर कारकून अर्ज वाचून बराच वेळ गप्प बसला. मग मी शेजाऱ्यांनीच शिकवलेलं वाक्य हळूच टाकलं: सरकारी अभिलेख नियमाबाहेर नष्ट केला तर 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात 5 वर्षांपर्यंत कैद आहे. दंड 10 हजारांपर्यंत. दमात नाही, पावसापाण्याच्या गप्पा मारतात तसं.

अठराव्या दिवशी फोन आला. ‘काका, सोमवारी या. फाईल आलीय ऑडिटवरून.’

फाईल कुठूनही आलेली नव्हती. ती त्याच कपाटातून, माझ्या डोळ्यांदेखत, तळच्या कप्प्यातून निघाली. वर धूळ होती आणि पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ. मी काही बोललो नाही. त्या क्षणी इतका आनंद झाला होता की मुलाला पेढे द्यावेसे वाटले.

फाईलला दोन अंगं असतात, टिपणी आणि पत्रव्यवहार. प्रती मागताना दोन्ही लिहून मागा, नाहीतर नुसता पत्रव्यवहार हातात ठेवतात आणि खरी गंमत टिपणीत राहते. आमच्या बंबाची गंमत तीन कागदांत होती, एकामागोमाग एक लावलेल्या. बॉडी बांधणाऱ्याचं पत्र: देयक अदा झाल्यावर नमुना 22-अ देऊ. अग्निशमन विभागाची टिपणी: नमुना 22-अ नसल्यानं आरटीओत नोंदणी होत नाही. लेखा विभागाचा शेरा: नोंदणी क्रमांकासह साठा नोंदवहीत नोंद घेऊन मगच देयक सादर करावे. खाली सगळ्यांच्या सह्या. त्याखाली वरिष्ठांच्या हातचं एकच वाक्य, ‘चर्चा करावी’. त्यानंतर सात महिने काही नाही. चासीच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदतही त्यातच संपून गेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असेल तेव्हा गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, असं दोघांनीही लिहून द्यावं लागतं. तो नमुना 22-अ. एका कागदासाठी लाल बंब पत्र्याखाली उभा, आणि तो कागद मिळवायला पैसे द्यायचे तर त्यालाच नंबर हवा. ही गाठ सभेत कुणीतरी ओरडून सोडवली असती. पण तेव्हा निवडून आलेली मंडळीच नव्हती, प्रशासक होते. नाशिक महापालिकेतही मार्च 2022 पासून तीच स्थिती होती. स्थायी समितीच नव्हती, तर खरेदीवर बोट ठेवणार कोण? आता सिंहस्थ तोंडावर आहे, 2027 चा. गाड्यांच्या खरेद्या नाशकातही निघतील. निविदा ऑनलाइन दिसतात, बघत जा. निविदेतल्या अटी त्याच वेळी उतरवून ठेवा, नंतर शोधताना दमछाक होते.

फाईल बघायला पहिला तास फुकट असतो. मी पावणेदोन तास बसलो, जादा वेळेचे पैसे घ्यायचं त्या मुलाला सुचलं नाही. तो पानं मोजत असताना मी मात्र सांगितलं की प्रती हव्यात, दोन रुपये पान, 118 पानांचे 236 रुपये, पावती फाड. पावती फाडताना त्याच्याच लक्षात आलं.

‘काका, 60 नंतर एकदम 62 आहे.’

लाल पेन्सिलीनं घातलेले आकडे. अनुक्रमणिकेत 61 समोर लिहिलं होतं: पंप चाचणी अहवाल.

पासिंग त्यानंतर दोन महिन्यांनी झालं. माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, आण्णा म्हणतो. थोडी रक्कम आधी दिली, 22-अ आला, पेठ रोडला आरटीओत गाडी गेली आणि एमएच 15 ची पाटी लागली. बघायला मी मुद्दाम गेलो. चालक मुलगा तयारीचा, होज गुंडाळण्याची पद्धत चोख. त्याला विचारलं, विहिरीवर लावून बघितलास का कधी? त्यानं बाजूला बांधलेला, खालून पाणी ओढायचा सक्शन पाइप दाखवला. त्याच्या तोंडाला कारखान्यातून आलेली निळी टोपी तशीच होती, टेपसकट.

‘गरजच पडत नाही, काका. टाकीवरूनच भरून नेतो आम्ही.’

पान 61 साठी अर्ज केला, उत्तर आलं नाही. तीस दिवस भरले, म्हणून काल प्रथम अपील टाकलं. त्याला स्टॅम्प वीसचा लागतो, दहाचा लावून माझी एक चक्कर फुकट गेली.