जुनी शिडाची होडी: चेनप्लेट, सीकॉक आणि शॅकल यांची तपासणी

रंगकाम थांबवून गेला पंधरवडा मी होडीवरील धातूचे सुटे भाग उतरवून तपासण्यात घालवला. डोलकाठीचे ताण पेलणाऱ्या सहाही चेनप्लेट, म्हणजे डेकमधून आरपार जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, वरून आरशासारख्या चकाकत होत्या, आणि नेमक्या त्याच कारणाने आधीच्या मालकाने त्या कधी बाहेर काढल्या नसाव्यात. स्टेनलेस स्टीलचे गंजापासून रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकून राहण्यासाठी त्याला प्राणवायू लागतो. डेकमधून पट्टी जिथे आरपार जाते तिथे जुन्या सीलंटखाली खारे पाणी साचून राहिले, की तो थर तुटतो आणि गंज फटीतल्या फटीत आत शिरतो. पट्ट्या बाहेर काढल्यावर दोघींवर नेमक्या त्याच जागी तपकिरी रेघ दिसली.

ती रेघ नुसता डाग आहे की तडा, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून पट्ट्या तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ केल्या, त्यांवर तड्यात शिरणारा लाल भेदक द्रव लावून पंधरा मिनिटे थांबलो, मग तो पुसून, आत राहिलेला द्रव वर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारला. एका पट्टीवर काहीच उमटले नाही. दुसरीवर मात्र बोल्टच्या भोकापासून कडेकडे जाणारी बारीक लाल रेषा हळूहळू उमटली. तिला वेल्डिंग करण्याचा मोह मी टाळला, आणि एक तडकली म्हणजे तेवढ्याच वयाच्या बाकीच्या पाच जणींवरही विश्वास नको, असे मानून सहाही नव्या करायच्या ठरवल्या.

नव्या पट्ट्यांसाठी ३१६ या प्रतीचे स्टेनलेस स्टीलच हवे. त्यातील २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते क्षारयुक्त पाण्यात ३०४ या साध्या प्रतीपेक्षा अधिक काळ तग धरते. लोहचुंबकाने हे दोन प्रकार ओळखता येतात, हा समज मात्र सोडून द्यावा. दोन्ही साधारणतः चुंबकाला चिकटत नाहीत, आणि थंड अवस्थेत वाकवल्यावर थोडेसे चिकटूही शकतात. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ अशी, म्हणजे ३१६ च्या गटाची, खूण असावी. ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या गटातले.

तळाच्या सीकॉकने, म्हणजे होडीच्या तळातील भोकावरच्या पाणी बंद करणाऱ्या झडपेने, अधिक काळजीत टाकले. चाकूने खरवडताच पिवळ्याऐवजी गुलाबी धातू दिसला, म्हणजे पितळेतले जस्त विरघळून गेले होते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरले होते. पाण्याच्या रेषेखाली साधे पितळ नकोच. तिथे ब्राँझचा सीकॉक मागवला आहे.

शॅकलपैकी (पिन घालून बंद करायच्या यू आकाराच्या कड्यांपैकी) ज्यांवर सुरक्षित कार्यभाराचा आकडा कोरलेला नव्हता ते सर्व बाजूला काढले. आकडा असलेल्यांपैकी एकाची पिन फिरवताना अडत होती. मोजल्यावर त्याचे तोंड किंचित फाकलेले निघाले, म्हणून तोही बाद केला.

डोलकाठीच्या ॲल्युमिनियम पायातील स्टेनलेसचे चार स्क्रू ॲल्युमिनियमच्या गंजाच्या पांढऱ्या भुकटीने जखडले आहेत. ते अजून निघालेले नाहीत.