जुनापाणीची शिलावर्तुळं कशी पाहावीत

नागपूरहून काटोल रस्त्याने दहाएक किलोमीटरवर, जुनापाणीच्या माळावर काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. उंच शिळा किंवा कमानी शोधू नका. ही लोहयुगातल्या, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या काळातल्या माणसांची दफनं आहेत. पावसाळ्यात गवत माजतं, म्हणून हिवाळ्यात जावं.

सगळी वर्तुळं पालथी घालण्यापेक्षा एकापाशीच थांबा. परिघावर मोठे धोंडे, आत दगडगोटे आणि मातीचा भराव, मध्याकडे थोडा चढ. मध्य खोलगट असेल तर तिथे खोदाई झाली असण्याची शक्यता मोठी. काटकोनात दोन व्यास मोजा. फार फरक आला तर धोंडे सरकलेले असू शकतात.

खरी गंमत परिघातल्या काही मोजक्या दगडांवर आहे: वाटीसारखे छोटे, ओळीने कोरलेले खळगे. भर दुपारी सावलीच पडत नाही, त्यामुळे ते नजरेतून सुटतात. कोवळ्या किंवा कलत्या उन्हात पाहा. झिजून पडलेले खड्डे वेडेवाकडे असतात. कोरलेल्या खळग्यांना माप असतं, ओळ असते. उठून दिसावेत म्हणून खडू मात्र फासू नका. खळग्यांच्या ओळींची दिशा घेताना होकायंत्र दगडावर ठेवू नये, कारण बेसाल्टमधलं, म्हणजे या काळ्या दगडातलं, लोहखनिज सुई हलवतं. या दिशांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असं काही खगोल अभ्यासकांनी मांडलंय. मला ते शक्य वाटतं. पण दगड मूळ जागीच आहे ना, ही खात्री आधी हवी.

ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये या वर्तुळांविषयी लिहिलं. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. विदर्भातल्या अशा दफनांत काळी-तांबडी मृद्भांडी आणि लोखंडी कुऱ्हाडी मिळतात. नागपूर जिल्ह्यातल्याच माहुरझरीला घोड्याचे अवशेष आणि त्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साजही सापडला. त्याच जिल्ह्यातल्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, म्हणजे ही माणसं लोखंड स्वतः तयार करत होती.

जुनापाणी संरक्षित स्मारक आहे. खापर दिसलं तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि ते तिथेच राहू द्या. ते कोणत्या वर्तुळातलं, भरावातलं की बाहेरचं, हे त्याच्या जागेवरूनच कळतं. घरी नेलेल्या खापरावरून ते कुणालाच सांगता येत नाही.