सीतेची वेणी ओळखायची तर फूल आडवं धरा

मे-जूनमध्ये आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर गुलाबी ठिपक्यांचे घोस लोंबू लागले, की सरसकट सगळ्यांना ‘सीतेची वेणी’ म्हटलं जातं. त्यातले बरेच एरिडिस या दुसऱ्याच प्रजातीचे (genus) असतात. खरी सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा हे ऑर्किड.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला एपिडेंड्रम या प्रजातीत टाकलं होतं. झाडावर वाढणारी बहुतेक ऑर्किडं तेव्हा तिथेच जात. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमने १८२५ मध्ये ऱ्हिंकोस्टायलिस ही प्रजाती वेगळी काढली. जाती मोजून तीन-चार. एरिडिस आणि व्हँडा याच उपगटातल्या, म्हणून जाड रुपेरी मुळं, टोकाकडे वाढत राहणारं एकच खोड आणि पट्ट्यासारखी चिवट पानं तिघींतही सापडतात.

पानाच्या टोकाच्या खाचेवर विसंबू नका. रेटुसा हे नाव त्या खाचेवरूनच पडलं, पण तशी खाच एरिडिसलाही असते. घोस लोंबणं हीसुद्धा प्रजातीची खूण नव्हे: थायलंडकडच्या ऱ्हिंकोस्टायलिस सेलेस्टिसचा निळसर तुरा ताठ उभा असतो.

निकाल लागतो तो ओठावर, म्हणजे वेगळ्या घडणीच्या तिसऱ्या पाकळीवर. रेटुसाचा ओठ जवळपास अखंड असतो. त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी दबलेली पिशवी असते आणि तिचा रोख मागे असतो. एरिडिसच्या ओठाला तीन खंड असतात, मधला बहुधा सर्वांत रुंद, आणि शुंड, म्हणजे ओठाच्या बुडाची पोकळ नळी, पुढे वळलेली असते. आपल्याकडे खरा गोंधळ घालते ती एरिडिस मॅक्युलोसा: तिलाही ठिपके, तोच हंगाम. मात्र तिचा घोस विरळ, तर रेटुसाचा इतका दाट की मधला दांडा दिसत नाही.

समोरून काढलेल्या फोटोत पिशवी ओठामागे लपते, म्हणून एक फोटो काटेकोर बाजूने घ्याच. दाबून वाळवलेल्या नमुन्यातही पिशवी चेपते आणि तिची दिशा सांगता येत नाही. परवानगीने नमुना घेत असाल, तर दोन-तीन फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा. वाळलेलं फूल उघडण्यापूर्वी गरम पाण्यात मऊ होऊ द्यावं, नाहीतर ओठ स्तंभापासून, म्हणजे नर-मादी भाग जुळून झालेल्या फुलाच्या मधल्या दांड्यापासून, तुटतो. अल्कोहोलमध्ये रंग उतरतो. ठिपक्यांची नोंद आधीच करून ठेवा.