खोल समुद्रातील ‘कोलोकाँगर रॅनिसेप्स’: रेखाचित्र कुठवर आले

चित्राची बाह्यरेषा पक्की झाली असून डोक्यावरील ठिपक्यांचे काम पूर्ण झाले आहे. धडाची छटा अर्धी उतरली आहे, तर रंगकाम अद्याप बाकी आहे.

काँगर वामींच्या नात्यातली ही मासळी साधारण ३०० मीटरपासून हजार मीटरहून अधिक खोलीपर्यंत आढळते. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने बंगालचा उपसागर आणि लगतच्या समुद्रातून गोळा केलेल्या माशांवरून निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड ऑल्कॉक यांनी १८८९ मध्ये तिचे वर्णन केले.

आपल्या बाजारातील वाम रेखाटून ज्यांचा हात बसला आहे, त्यांना येथे बरेच काही बदलावे लागेल. वामीचे तोंड लांब व निमुळते असते आणि शेपटीचा भाग धडापेक्षा लांब असतो. हिचे डोके मात्र बोथट, बेडकासारखे असून शरीर आखूड व जाड आहे आणि गुदद्वार मध्याच्याही मागे असल्याने शेपूट तोकडी पडते. डोळा मोठा आहे. वामीचा जबडा उघडून पाहिल्यास टाळूच्या मधोमध मोठ्या सुळ्यांची रांग दिसते, पण हिच्या टाळूच्या मधल्या हाडावर दातच नाहीत. हा फरक ओळख पटवण्यासाठी इतका महत्त्वाचा आहे की उघड्या तोंडाचे छोटे चित्र शेजारी स्वतंत्रपणे काढायचे मी ठरवले आहे.

अंगावर खवले नसल्यामुळे गोलाई दाखवायला पार्श्वरेषेचाच, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणाऱ्या छिद्रांच्या ओळीचाच, आधार घ्यावा लागतो. तिच्यावरील प्रत्येक छिद्र मी बारीक पेनाने पोकळ वर्तुळासारखे काढले, त्याच्या खालच्या कडेला ठिपके दाट केले आणि पोटाकडे जाताना ते विरळ करत नेले. त्यामुळे त्वचा कोरडी न दिसता बुळबुळीत दिसू लागली. पाठीचा पर शेपटीच्या टोकाला वळसा घालून गुदपराला (गुदद्वारामागे पोटाकडून असलेल्या पराला) मिळतो, तेव्हा तेथे वेगळा शेपटीचा पर सुटा काढू नये.

‘इन्व्हेस्टिगेटर’च्या संग्रहाचे चित्रफलक काढणारे ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल यांचे काम या निमित्ताने पुन्हा बारकाईने पाहतो आहे. ऑल्कॉक यांच्याबरोबर त्यांचीही नावे घेतली गेली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

रंगासाठी संपूर्ण अंगावर एकसारखा तपकिरी हात देऊन परांच्या कडा तेवढ्या काळसर ठेवणार आहे. जतन केलेल्या नमुन्यांचा मूळ रंग उतरतो, म्हणून ताज्या माशाचे छायाचित्र कोणाकडे असल्यास रंग भरण्यापूर्वी ते पाहायला मिळावे, ही विनंती.